मॉन्ट्रियल करार (परिणामकारकता)

ओझोन थराचा ऱ्हास करणाऱ्या रसायनांचे उत्पादन व वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेला आंतरराष्ट्रीय करार. १९८५ च्या व्हिएन्ना कराराचा हा पुढचा टप्पा असून तो १ जानेवारी १९८९ पासून अमलात आला. पर्यावरणविषयक करार खरोखर किती फळतात, या चर्चेत यशाचा दाखला म्हणून याचेच नाव प्रथम घेतले जाते. यशाबद्दल फारसा वाद नाही. त्याचे श्रेय कशाला द्यावे, याबद्दल आहे.

फ्रिज, फोम इत्यादींत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्ल्युओरोकार्बन (सीएफसी) या रसायनांमुळे ओझोनला धोका असल्याचे मोलिना व रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. अंटार्क्टिकावरील ओझोन विवराच्या (थर अतिशय विरळ झालेल्या भागाच्या) शोधाचे वर्ष सामान्यतः १९८५ दिले जाते. तेथील हॅली या ब्रिटिश तळावरील फार्मन, गार्डिनर व शँकलिन यांचा निबंध त्या वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाला. तथापि अंटार्क्टिकावरीलच स्योवा या जपानी तळावरील ओझोनच्या १९८२ च्या नीचांकी नोंदी चुबाची यांनी १९८४ मध्येच ग्रीसमधील परिषदेत मांडल्या होत्या. अमेरिकी उपग्रहाच्या संगणकाने असे आकडे ‘टाकून दिले’ ही कथा बरीच पसरली असली, तरी ते आकडे संशयास्पद म्हणून खूण करून ठेवलेले होते, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. विवर सापडले म्हणून करार झाला, हेही अर्धेच खरे. विवराचे कारण तेव्हा सिद्ध झालेले नसल्याने वाटाघाटींत तो पुरावा औपचारिकपणे बाजूला ठेवण्यात आला होता.

मूळ करारात पाच सीएफसी व तीन हॅलॉन (आग विझवण्यासाठी वापरली जाणारी रसायने) होते. जुन्या फ्रिजमध्ये भरला जाणारा ‘आर-१२’ गॅस म्हणजे यांपैकीच सीएफसी-१२. बाहेर राहिलेल्या देशांशी या रसायनांचा व्यापार करण्यास कराराने बंदी घातली आणि विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली. भारताला ती पुरेशी वाटली नाही. पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च कोण सोसणार, हा त्याचा प्रश्न होता. १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मेनका गांधी यांनी तो लावून धरला. तेथे विकसनशील देशांचा हा खर्च भागवण्यासाठी बहुपक्षीय निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला.

परिणामकारकता म्हणजे अटींचे पालन नव्हे. करार नसता तर काय झाले असते, याच्याशी तुलना करून ती ठरते. हेल्म व स्प्रिंझ या अभ्यासकांची मोजणी याच तत्त्वावर आहे : करार नसतानाची कल्पित स्थिती शून्य, सर्वांच्या हिताची इष्टतम स्थिती एक आणि प्रत्यक्ष स्थिती या दोहोंमध्ये कोठेतरी. अडचण अशी, की शून्य कोठे धरायचे हे गृहीतकावर अवलंबून राहते. मर्डॉक व सँडलर (१९९७) या अर्थशास्त्रज्ञांच्या मते आरंभीची कपात देशांनी स्वतःच्या हितासाठी केलीच असती. कराराने तिच्यावर शिक्कामोर्तब केले, एवढेच. उलट, व्यापारबंदीमुळे बाहेर राहणेच महाग झाले, असे अर्थशास्त्रज्ञ बॅरेट म्हणतात. श्रीमंत देशांच्या पहिल्या कपातीपुरते पहिले मत टिकते. परंतु २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सर्व सदस्य देश करारात आले, याचा उलगडा त्याने होत नाही.

पालनातील त्रुटी २०१८ मध्ये उघड झाली. फोम फुगवण्यासाठी वापरला जाणारा सीएफसी-११ हा वायू २०१० पासून बंद असूनही हवेतील त्याची घट मंदावली होती. दक्षिण कोरियातील गोसान व जपानमधील हातेरुमा येथील मापनांवरून वाढीव उत्सर्जनाचा मोठा भाग पूर्व चीनकडे, मुख्यतः शांडोंग व हबेई प्रांतांकडे, दाखवता आला. पुढे हे उत्सर्जन घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले.

अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा ओझोन ऱ्हासाच्या २०२२ च्या वैज्ञानिक मूल्यांकनाचा अंदाज आहे. सीएफसींच्या जागी आलेले हायड्रोफ्ल्युओरोकार्बन (एचएफसी) ओझोनला घातक नसले, तरी प्रबळ हरितगृह वायू आहेत. त्यांची कपात रवांडातील किगाली येथे २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कराराखाली आणली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. भारताची कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे.