४.७७ मेगाहर्ट्झचे आकाश

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या भाच्याने एका दुपारी आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवण्याच्या खेळाची पहिली, म्हणजे नोव्हेंबर १९८२ मध्ये आलेली आवृत्ती चालवायला घेतली आणि अर्ध्या तासात हात टेकले. "मामा, हा सगळा प्रोग्रॅम माझ्या फोनमधल्या एका फोटोपेक्षा लहान आहे, मग चालायला काय झालं त्याला?" या प्रश्नामागे एक चांगलीच रुळलेली समजूत आहे. नवा संगणक जुन्याच्या हजारो पट वेगवान असल्यामुळे जुने काम तो चुटकीसरशी उरकील, असे आपण धरून चालतो. पगारपत्रकाच्या किंवा बेरजा-वजाबाक्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. विमान उडवण्याच्या बाबतीत मात्र काम लवकर उरकणे हाच दोष ठरतो, कारण तेथे उत्तर काय येते याच्याइतकेच ते केव्हा येते यालाही महत्त्व असते.

पहिला अडसर साधा आहे, तो आधी बाजूला करू. त्या काळच्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि तो १६ बिटांच्या सूचना पाळत असे. हा सिम्युलेटर तर डॉस या कार्यप्रणालीचीही वाट पाहत नसे. त्याची फ्लॉपी आत सरकवून यंत्र सुरू केले की तोच यंत्राचा ताबा घेई आणि पडदा, कळफलक, घड्याळ या सर्वांशी थेट बोले. म्हणूनच ऐंशीच्या दशकात एखादा पीसी खरोखर आयबीएमशी सुसंगत आहे की नाही हे तपासायचे झाले, तर हिशेबाचे तक्ते मांडणारा लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर हे दोन प्रोग्रॅम त्यावर चालवून पाहत असत. आजचा प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीत शिरला की जुन्या १६ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी असलेली त्याची खास सोय बंद होते, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच मिळते. गंमत अशी, की वीज दिल्यानंतरचा पहिला क्षणभर आजचा प्रोसेसरही ८०८८ च्या थोरल्या भावाच्या, म्हणजे ८०८६ च्याच थाटात जागा होतो. म्हणजे जुनी भाषा तो विसरलेला नाही. विंडोज सुरू झाल्यावर तिला तेथे थारा नाही, इतकेच.

खरा गुंता वेळेचा आहे, आणि तो समजण्यासाठी एका स्फटिकापाशी जावे लागते. आयबीएम पीसीच्या मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, सेकंदाला १,४३,१८,१८० वेळा स्पंदन पावणारा, म्हणजे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक क्वार्ट्झ स्फटिक होता. हा विचित्र आकडा अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीतून आला आहे. तेथील रंगसंकेताची वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ आहे आणि तिची बरोबर चौपट केली की हा आकडा मिळतो. पीसीचे चित्र घरच्या टीव्हीवर दिसावे म्हणून हा स्फटिक हवाच होता, आणि टीव्हीच्या धंद्यामुळे तो स्वस्तही मिळे. मग त्याच एका ठोक्यातून सगळ्यांचे भागवले गेले. त्याला ३ ने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ मिळाले, जरी तो प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकत होता. १२ ने भागून वेळ मोजणाऱ्या चिपला १.१९३१८२ मेगाहर्ट्झ मिळाले. ब्रूस आर्टविक यांचा मूळ सिम्युलेटर १९७९ साली ज्या ॲपल २ संगणकासाठी निघाला, त्यातही हाच स्फटिक होता. तेथे त्याला १४ ने भागत. आपल्याकडे दूरदर्शनला रंग आला तोही १९८२ सालीच, पण आपण पाल पद्धत घेतली आणि तिची रंगवारंवारता ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. तरीही पुण्या-मुंबईत विकल्या गेलेल्या प्रत्येक पीसीच्या पोटात अमेरिकन टीव्हीचा ठोका पडतच राहिला, कारण ती वेळेची चिप पुढच्या प्रत्येक पिढीने जशीच्या तशी सांभाळली.

ही चिप शून्यावर येईपर्यंत उलटी मोजणी करते आणि शून्य आले की प्रोसेसरला एक ठोका देते. मोजणीची जागा १६ बिटांची असल्यामुळे सर्वांत लांब फेरी ६५,५३६ ची होते. ११,९३,१८२ ला ६५,५३६ ने भागले की सेकंदाला सुमारे १८.२ ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ५५ मिलिसेकंदांपेक्षा किंचित कमी अंतर. पीसीच्या आतले सहज हाताशी असलेले घड्याळ हे एवढेच, आणि ते इतके जाडेभरडे.

आता विमान घ्या. संगणकातले विमान सलग उडत नाही, पावले टाकत जाते. प्रत्येक पावलात प्रोग्रॅम पंखावरचे बल काढतो, त्यावरून त्वरण, त्वरणाला पावलाच्या कालावधीने गुणून वेगातला बदल आणि वेगाला त्याच कालावधीने गुणून जागेतला बदल काढतो. शाळेत शिकलेले गतीचे नियमच हे, फक्त बारीक तुकड्यांत कापलेले. समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पाहिले की आपले यंत्र सेकंदाला दहा चित्रे काढते, आणि त्याने पाऊल ०.१ सेकंदाचे ठरवून टाकले. उतरण्याच्या बेतातले छोटे विमान ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर जात असेल, तर ते प्रत्येक चित्रात ३.३३ मीटर पुढे सरकेल आणि पाहणाऱ्याला सगळे यथायोग्य वाटेल. आता तोच प्रोग्रॅम सेकंदाला ६,००० चित्रे काढणाऱ्या यंत्रावर टाका. विमान प्रत्येक चित्रात ३.३३ मीटरच सरकते, पण आपल्या एका सेकंदात ते २० किलोमीटर जाते. पृथ्वी कायमची सोडून जायला सेकंदाला ११.२ किलोमीटर पुरतात. कळीवर बोट पोहोचण्याआधी धावपट्टी मागे पडते ती यामुळे.

शहाणा प्रोग्रॅमर म्हणेल, की पाऊल ठरवून कशाला टाकायचे, मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते घड्याळात पाहावे. पण घड्याळ ५५ मिलिसेकंदांचे. वेगवान यंत्र एका ठोक्यात शेकडो चित्रे काढून मोकळे होते, त्यामुळे गेलेला वेळ शून्य येतो आणि विमान हवेत थिजते. त्या शून्याने कोठे भागाकार केला असेल तर सगळा प्रोग्रॅमच कोसळतो. उलट पाऊल फार मोठे झाले तर दुखणे वेगळे. नाक वर गेले की शेपटीवरची हवा ते खाली आणते, तेही जितके वर गेले त्या प्रमाणात. हे प्रमाण सेकंदाला १० पट धरले आणि पाऊल ०.०५ सेकंदाचे घेतले, तर प्रत्येक पावलात चूक निम्मी होत जाते आणि नाक स्थिरावते. पाऊल ०.१ चे असेल तर चूक एका फटक्यात शून्य होते. ०.२ ला ती तेवढीच उरते, पण उलट्या दिशेने. नाक वर-खाली हेलकावत राहते. ०.२५ ला प्रत्येक हेलकावा आधीच्या दीडपट होतो आणि काही क्षणांत विमान कोलांट्या खाऊ लागते. हवेचे गणित बिनचूक असूनही विमान पडते, कारण प्रमाण गुणिले पाऊल हा आकडा २ च्या पुढे गेलेला असतो. सिम्युलेटर फार हळू चालला तर विमान चुकार घोड्यासारखे का वागते, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

याच जातीचा एक प्रकार माझ्या स्वतःच्या वाट्याला आला. कॉलेजात असताना मी टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रेघांची धावपट्टी, रेघांचे विमान आणि उंची दाखवणारा एक काटा, एवढाच त्याचा संसार. पुढे नव्या यंत्रावर तो चालवला तेव्हा माझी पहिली ओळही सुरू होण्याआधी पडद्यावर 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार, असे झळकले. मी सगळा प्रोग्रॅम धुंडाळला. भागाकार होता, शून्य कोठेच नव्हते. दोष माझ्या ओळींत नव्हताच. टर्बो पास्कलचे तयार सामान सुरुवातीलाच यंत्राचा वेग अजमावत असे: एका ठोक्याच्या ५५ मिलिसेकंदांत रिकाम्या किती फेऱ्या होतात ते मोजायचे आणि त्याला ५५ ने भागायचे. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मावणे आवश्यक होते. फेऱ्या ३६,०४,४२५ च्या फार पुढे गेल्या की उत्तर त्या डब्यात मावत नाही, आणि ८०८६ च्या वंशात न मावणारे उत्तर व शून्याने भागाकार या दोन्हींसाठी धोक्याची घंटा एकच आहे. यंत्र जरुरीपेक्षा जास्त चपळ निघाले, हा गुन्हा. नोंद मात्र शून्याच्या नावावर.

या गोंधळावरचा त्या काळचा उतारा म्हणजे संगणकाच्या डब्यावरचे टर्बो बटण. नावावरून वाटते की ते दाबले की यंत्र वेग घेईल, परंतु ते ठेवले होते जुन्या प्रोग्रॅमसाठी यंत्र मुद्दाम मंद करता यावे म्हणून. शेजारी ३३ किंवा ६६ असा आकडा दाखवणारी छोटी पाटी असे आणि गिऱ्हाईक तिच्यावर खूश होई. तो आकडा कोणी मोजत नसे; मागच्या बाजूला बारीक टोप्या हव्या तशा बसवून दुकानदार तो ठरवत असे. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढायला लावत ते व्हायरस आत येऊ नये म्हणून, असे मानणारे लोक मी पाहिले आहेत. पाटीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवणारे त्यांच्यापेक्षा फार वेगळे नव्हते. दसऱ्याला त्याच डब्याला झेंडूचा हार घालायला माझी हरकत नाही, पण वेग मोजायचा तर घड्याळानेच मोजावा.

आता भाच्याच्या लॅपटॉपकडे वळू. आम्ही फ्लॉपीची प्रतिमाफाइल डॉसबॉक्समध्ये सुरू केली. २००२ पासून उपलब्ध असलेला हा प्रोग्रॅम संपूर्ण जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. जुन्या प्रोग्रॅमची एकेक सूचना वाचायची, ८०८८ ने काय केले असते ते करायचे आणि पुढे जायचे. एका जुन्या सूचनेमागे नव्या प्रोसेसरच्या पाच-पन्नास सूचना खर्च झाल्या तरी बिघडत नाही, इतकी ताकद शिल्लक असते. मला मोह पडतो तो त्याच्या वेळेच्या हिशेबाचा. डॉसबॉक्स खऱ्या प्रत्येक मिलिसेकंदाला सूचनांचा ठरावीक रतीब घालतो. हा रतीब 'सायकल्स' या नावाने आपण ठरवायचा. तो ३०० ठेवला तर मिलिसेकंदाला ३००, म्हणजे सेकंदाला तीन लाख सूचना होतात, आणि हा ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीचा ढोबळ वेग आहे. रतीब संपला की उरलेला मिलिसेकंद तो स्वस्थ बसतो.

पण एवढ्याने फसवणूक पुरी होत नाही. आतल्या प्रोग्रॅमला घड्याळाचा ठोकाही योग्य जागी मिळाला पाहिजे. म्हणून नकली वेळचिप भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतच नाही. ती झालेल्या सूचना मोजते. ३०० सूचना म्हणजे एक मिलिसेकंद असे ठरले, की साधारण साडेसोळा हजार सूचनांनंतर एक ठोका द्यायचा. मधेच विंडोजने दुसऱ्या कामासाठी लॅपटॉप क्षणभर अडवला, तर आतले काम आणि आतले घड्याळ दोन्ही एकदम थांबतात. काम आणि वेळ यांचे गुणोत्तर बिघडत नाही, आणि आतल्या विमानाला आपण थांबलो होतो हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

हा हिशेब ढोबळच आहे. खऱ्या ८०८८ मध्ये काही सूचनांना प्रोसेसरच्या स्वतःच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे दोन ठोके लागत, तर १६ बिटांच्या एका गुणाकाराला ११८ ते १३३. डॉसबॉक्स सर्वांना एकाच मापाने मोजतो, त्यामुळे गुणाकारांनी भरलेले विमानाचे गणित तेथे खऱ्यापेक्षा हलके पडते. ठोका न् ठोका मोजायचा असेल त्याने ८६बॉक्स हा त्याच जातीचा प्रोग्रॅम वापरावा; तो त्यासाठी यंत्राला बराच राबवतो.

विंडोजच्या काळातल्या आवृत्त्यांचे दुखणे निराळे आहे. २००६ सालची फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२ बिटांची आहे, आणि ३२ बिटांत ४ गिगाबाइटपलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही. लॅपटॉपमध्ये ३२ गिगाबाइट स्मृती असूनही बारीक दृश्यांचा भार वाढला की ती 'स्मृती संपली' म्हणत बंद पडते.

आमचे विमान शिकागोच्या सरोवराकाठी मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर उभे राहिले. खऱ्या शिकागोत मार्च २००३ मधल्या एका रात्री महापौरांच्या आदेशाने ती धावपट्टी बुलडोझरने उखडली गेली. येथे ती चार रंगांत शाबूत होती. भाच्याने यूएसबी जॉयस्टिक जोडली आणि विमान उठल्याबरोबर डावीकडे कलू लागले. पुन्हा वेळच. जुन्या पीसीच्या जॉयस्टिकमध्ये शून्य ते एक लाख ओहमचा बदलता रोध असे आणि त्यातून एक कपॅसिटर भरला जाई. तो भरायला २४ मायक्रोसेकंदांपासून सुमारे १.१ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागे, आणि तेवढ्या अवधीत आपल्या किती फेऱ्या झाल्या यावरून प्रोग्रॅम दांडा कोठे आहे ते ओळखत असे. आताची जॉयस्टिक थेट आकडाच पाठवते. डॉसबॉक्स त्या आकड्यावरून नकली कपॅसिटरचा वेळ तयार करतो, आणि सिम्युलेटर तो वेळ मोजून पुन्हा आकडा काढतो. या दुहेरी भाषांतरात रतीब कमी असला की मोजणी घसरते. डॉसबॉक्सच्या मांडणीच्या फाइलमध्ये 'टाइम्ड' नावाची एक ओळ आहे. तिच्यासमोरचे 'ट्रू' खोडून 'फॉल्स' लिहिले. पुढच्या उड्डाणात विमान सरळ वर चढले, आणि मग भाच्याने ते सरोवरात पाडले. पण ते अगदी योग्य वेगाने पडले.