फोर बाय फोर गाड्यांचे वाढीव मापाचे टायर : कायदेशीर स्थिती

चारही चाकांना एंजिनाची शक्ती मिळणाऱ्या गाडीला उत्पादकाने ठरवलेल्या मापापेक्षा अधिक व्यासाचे किंवा रुंदीचे टायर बसवणे आणि ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे कायद्यात कितपत बसते, हा या नोंदीचा विषय. सातारा व सांगली जिल्ह्यांत असे टायर बसवण्याला भूगोलाचे कारण आहे. पाटण, जावळी व शिराळ्याच्या डोंगरी वाटांवर गाडीचे पोट दगडाला घासते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पावसाळ्यात चाक रुतले की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हौसेने टायर बदलण्याची प्रथा येथे २०१० साली महिंद्राची थार ही फोर बाय फोर गाडी बाजारात आल्यानंतर आणि विशेषतः तिच्या २०२० च्या नव्या आवृत्तीनंतर पसरली असावी. त्याआधी जुन्या जिपा व जिप्सी गाड्यांना मोठे टायर बसवले जात, पण ते प्रामुख्याने गरजेपोटी.

२४५/७५ आर १६ या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटर), दुसरा रुंदीच्या टक्क्यांत बाजूच्या भिंतीची उंची आणि तिसरा रिमचा व्यास (इंच) सांगतो. या टायरचा एकूण व्यास सुमारे ७७४ मिमी. भरतो. त्याजागी २८५/७५ आर १६ घातला तर व्यास ८३४ मिमी., म्हणजे सु. ७.७ टक्के अधिक. जमिनीपासूनची उंची मात्र व्यासवाढीच्या निम्मीच, ३० मिमी. वाढते. काटा ताशी ८० किमी. दाखवत असता गाडी प्रत्यक्षात ८६ ने धावते आणि अंतरमापक धावलेले किलोमीटर कमी मोजतो. वेगमापकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये, असा मानकांचा दंडक असल्याने ही बाब किरकोळ नाही. ब्रेकचे बल तेवढेच राहून चाकाची त्रिज्या वाढते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला गाडी कमी रोधली जाते. जड चाकाचा भार बॉल जॉइंट व बेअरिंगवर येतो. खंबाटकी किंवा पसरणीसारख्या घाटाच्या उतारावर हा फरक जीवावर बेतू शकतो.

कायद्याचा मूळ आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ हा होय. त्याचा इतिहास पाहिल्याखेरीज आजचा वाद कळत नाही. १९३९ च्या जुन्या अधिनियमातील कलम ३२ नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून व त्याची मान्यता घेऊन फेरफार करता येत असे. १९८८ च्या कायद्यानेही आरंभी हीच रीत ठेवली होती. जोडसामानामुळे गाडीचे रिकामे वजन दोन टक्क्यांपर्यंत बदलले तर मान्यतेचीही गरज नसे. २००० च्या दुरुस्तीने हा पाया बदलला. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील ‘उत्पादकाने मुळात विनिर्दिष्ट केलेल्या’ तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये, अशी नवी शब्दरचना आली. सोबत ‘फेरफार’ म्हणजे गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतील बदल, असे स्पष्टीकरणही जोडले गेले.

या दोन वाक्यांतून दोन मते निघतात. पहिल्या मतानुसार टायर ही झिजणारी, बदलण्याजोगी वस्तू असल्याने तिचे माप बदलल्याने गाडीची रचना बदलत नाही. या मताला नोंदणीच्या विहित नमुन्यांचाही (फॉर्म) आधार मिळतो. नमुना २० मधील नोंदणी अर्जात टायरांची संख्या, वर्णन व माप मोटार कॅब (छोटी टॅक्सी) वगळता इतर परिवहन, म्हणजे भाड्याने वा धंद्यासाठी चालणाऱ्या, वाहनांसाठीच विचारले जाते आणि नमुना २३ मधील प्रमाणपत्रातही हा तपशील त्याच वाहनांसाठी येतो. खासगी जिपेच्या प्रमाणपत्रात मापच नसेल तर विसंगती कशाशी, असा हा युक्तिवाद आहे. (याच न्यायाने मॅक्सी कॅब (मोठी टॅक्सी) म्हणून नोंदलेल्या वडापच्या, म्हणजे सीटमागे भाडे घेणाऱ्या, जिपेला तो लागू पडत नाही. तिच्या कागदावर टायरचे माप असते आणि योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणावेळी ते ताडून पाहता येते.)

दुसरे मत उत्पादकाच्या विनिर्देशाला प्रमाण मानते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार प्रत्येक प्रतिमानाची (मॉडेलची) नमुना-गाडी अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. पुण्यातील एआरएआय व सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकी काही. ब्रेक, वेगमापक, दिव्यांची उंची हे सारे तेव्हा ठरलेल्या टायरांवरच तपासलेले असते. नियम ९५ टायरच्या मापाचा व भारक्षमतेचा विचार करतो. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन) केरळमधील एका प्रकरणात उच्च न्यायालयाचा शिथिल अर्थ फेटाळला आणि उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येत नाही, असा निर्णय दिला. तो वाद टायरांपुरता नव्हता, तरी त्यातील तत्त्व टायरांनाही पुरते लागू होते. पहिले मत शब्दांच्या कसोटीवर अगदीच टाकाऊ नाही. तरीही या निकालानंतर त्यावर विसंबणे धोक्याचे आहे आणि तांत्रिक कारणेही दुसऱ्याच मताच्या बाजूने पडतात.

एकाच प्रतिमानाच्या निरनिराळ्या प्रकारांना उत्पादकाने दिलेली मापे सामान्यतः निर्धोक मानली जातात. थारच्या २०२० च्या आवृत्तीत २४५/७५ आर १६ व २५५/६५ आर १८ ही दोन मापे येतात आणि त्यांच्या व्यासांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे. ‘तीन टक्क्यांपर्यंत चालते’ हे गॅरेजांतून ऐकू येणारे वाक्य तांत्रिक अंदाज म्हणून ठीक, पण भारतीय कायद्यात तशी टक्केवारी दिलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या फेरफारसंहितेत मात्र फोर बाय फोर गाड्यांसाठी ५० मिमी. व्यासवाढीची स्पष्ट मर्यादा आढळते. आपल्याकडेही अशी मोजता येणारी मर्यादा असती तर मालक व तपासणी अधिकारी दोघांचीही सोय झाली असती. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र शासनाला फेरफारांचे विनिर्देश ठरवण्याचा अधिकार दिलेला आहेच.

त्याच दुरुस्तीने शिक्षाही वाढली. पूर्वी कलम १९१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. आता कलम १८२अ (४) नुसार दर फेरफारामागे ५,००० रु. दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी धोकादायक वाटल्यास कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करण्याचा अधिकारही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे असतो. सातारा (एमएच ११), कराड (एमएच ५०) व सांगली (एमएच १०) येथील परिवहन कार्यालयांपुढे खासगी गाडी पंधरा वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, तेव्हा जुन्या जिपांचा हा प्रश्न हमखास निघतो. त्यामुळे मूळ टायर-रिमचा संच जपून ठेवणे शहाणपणाचे.

टायरवर भारतीय मानक चिन्ह असणे २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आवश्यक केले आहे. जून २०२० पासून टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आल्याने परदेशी मड टायर (चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर) घेताना हे चिन्ह पाहूनच घ्यावे. विम्याच्या बाबतीत, न कळवलेल्या फेरफारावरून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. तिसऱ्या पक्षाची, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या इतरांची, भरपाई नाकारण्याची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली असून टायरचे माप त्यांत थेट येत नाही.

बंधनांचा रोख मुख्यतः ‘सार्वजनिक ठिकाणा’वर आहे. कलम २ (३४) नुसार जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती कोणतीही जागा, मग ती पक्का रस्ता नसली तरी, त्यात मोडते. कुंपणातल्या खासगी रानात भरवलेल्या चिखलशर्यतीची गोष्ट म्हणून वेगळी, पण तेथवर गाडी त्याच टायरांवर रस्त्याने नेली तर सूट उरत नाही. कास पठार व सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर टायर कोणत्याही मापाचे असोत, रस्ता सोडून गाडी घालण्यास वनकायद्यांची आडकाठी आहे. कासच्या जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका चाकाच्या चाकोरीनेही तेथील फुलवनस्पती उखडतात.