हातातला टीव्ही गेम

टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम यंत्राचा मूळ बोर्ड, लहान पडदा, बटणे, स्पीकर आणि बॅटरी असे सगळे दोन हातांत धरता येईल अशा एका पेटीत बसवून केलेले रूपांतर. यंत्राचा मेंदू तोच राहतो, कॅसेटही जुनीच लागते. टीव्ही, अडाप्टर आणि वायरचे रिमोट मात्र जातात आणि त्यांची कामे पेटीच्या आतच भागवावी लागतात. ही रचना खेळाची वाटली तरी तिच्यातला अवघड भाग विजेचा आणि उष्णतेचा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातल्या जिल्ह्यांत, जिथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे तर इतर ठिकाणी चालून जाणाऱ्या चुकाही चालत नाहीत.

पूर्वपीठिका

निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. त्याच्या नकला भारतात १९९०च्या दशकात घरोघरी पोचल्या. मीडिया आणि समुराई ही त्या काळातली ओळखीची नावे. खानदेशात या यंत्राला कोणी कन्सोल म्हटले नाही. तो ‘टीव्ही गेम’, त्याचा खेळ म्हणजे ‘कॅसेट’ आणि हातात धरायचा तो ‘रिमोट’. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी भारनियमनाने वीज गेली की खेळ अर्धवट राहायचा, आणि बहुतेक कॅसेटींत खेळ साठवून ठेवायची सोय नसल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. टीव्ही गेम बॅटरीवर चालावा ही इच्छा इथे त्यामुळे हौसेपुरती नव्हती.

कंपन्यांनी हा प्रयत्न स्वतःही करून पाहिला. एनईसी या जपानी कंपनीने १९९० मध्ये आपल्या पीसी इंजिन या घरच्या यंत्राचे हातातले रूप आणले. घरच्या यंत्राचीच कार्डे त्यात चालत. सेगा कंपनीचा गेम गिअर हा तिच्याच मास्टर सिस्टिम या घरच्या यंत्राचा जवळचा भाऊ, तर १९९५चा नोमॅड म्हणजे चक्क सेगाचे दुसरे घरचे यंत्र मेगा ड्राइव्ह, हातात मावणारे. तिघांनाही सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते दोन ते पाच तासांत संपत. याउलट निन्टेन्डोच्या १९८९च्या गेम बॉयमध्ये त्याचे रचनाकार गुनपेई योकोई यांनी रंग आणि मागचा दिवा दोन्ही मुद्दाम सोडून दिले, आणि चार सेलवर तो दहा तासांहून अधिक चालला. बाजार गेम बॉयनेच जिंकला. घरगुती हौशी कारागिरीला बळ मिळाले ते २००० मध्ये, अमेरिकेतल्या बेंजामिन हेकेनडॉर्न यांनी १९७७च्या अटारी २६०० यंत्राचे हातातले रूपांतर केले तेव्हापासून.

बोर्डाची निवड

पहिल्या कामासाठी फॅमिकॉमची नक्कल हीच सर्वांत सोयीची. मूळ फॅमिकॉममध्ये मुख्य प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप वेगवेगळ्या असत. नंतरच्या नकलांत सगळे एकाच चिपमध्ये, बोर्डावर ओतलेल्या काळ्या थेंबाखाली आले. त्यामुळे बोर्ड तळहाताएवढा असतो, त्याला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि प्रोसेसरचा वेग जेमतेम १.८ मेगाहर्ट्झ असल्याने कॅसेटची खाच वायरींनी थोडी दूर नेली तरी काम बिघडत नाही. खाच मात्र बारीक करता येत नाही. जपानी पद्धतीच्या कॅसेटला ६० पिना असतात, ३० वर आणि ३० खाली, २.५४ मिलिमीटर अंतराने. म्हणजे नुसत्या खाचेलाच साडेसात सेंटिमीटरची रुंदी द्यावी लागते. पेटीचे माप इथूनच ठरते, पडद्यावरून ठरत नाही.

यंत्र उघडल्यावर बोर्डाचा ठोका ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या पत्र्यावरचा मेगाहर्ट्झचा आकडा वाचून घ्यावा. २६.६०१ असेल तर बोर्ड पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रे देणारा, २१.४७७ असेल तर एनटीएससीचा, ६० चित्रांचा. भारतातला टीव्ही पाल असल्याने इथल्या बऱ्याच नकला ५० वर चालणाऱ्या निघाल्या, आणि मूळ खेळ ६० साठी लिहिलेले. एका पिढीने हे खेळ जपानी मुलांपेक्षा सहाव्या हिश्शाने सावकाश खेळले आणि तोच त्यांचा खरा वेग समजला. लहान पडदे सहसा दोन्ही संकेत ओळखतात. त्यामुळे हातातल्या यंत्रात २१.४७७चा बोर्ड घातला तर खेळ मूळ वेगाने धावतो, आणि लहानपणी डोळे मिटून पार केलेल्या उडीवर हात चुकतो.

वीज आणि उष्णता

टीव्ही गेमच्या पोटात ७८०५ नावाची तीन पायांची चिप असते. अडाप्टरचे ९ व्होल्ट ती ५ वर आणते, ते उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत जाळून. बोर्ड ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर १.५ वॅट कामाला येतात आणि १.२ वॅट पत्रा तापवण्यात जातात. भिंतीतून वीज येते तोवर हे खपते. बॅटरीवर हा तोटा परवडत नाही, म्हणून ७८०५ काढून तिथे स्विचिंग कन्व्हर्टर, म्हणजे फारशी वीज न जाळता व्होल्टेज बदलणारे सर्किट, बसवणे ही पहिली शस्त्रक्रिया. टीव्हीच्या अँटेनात चित्र पाठवणारा पत्र्याचा डबाही काढून टाकायचा. त्याच्या तोंडाशी येणारी व्हिडिओची वायर थेट पडद्याला जोडली की चित्र अधिक स्वच्छ येते आणि थोडी वीजही वाचते.

सेल १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून ते निघतात, दुकानातही मिळतात. वेष्टनावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले असेल तर तो सेल तिथेच ठेवावा. या मापात साडेतीन हजारांच्या फार पुढे जाता येत नाही. हातात घेतला तरी फरक कळतो, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि फसवा हलका लागतो. २५०० चे दोन सेल समांतर जोडले तर १८.५ वॅट-तास साठतात. बोर्ड दीड वॅट, पडदा दोन, आवाज आणि किरकोळ अर्धा, असा एकूण चार वॅटचा खर्च. कन्व्हर्टरची दहा टक्के गळती धरून चार तास खेळ होतो. जळगावहून मुंबईला निघालेला माणूस नाशिक ओलांडून बराच पुढे जाईपर्यंत तो पुरतो.

दोन सेल एकापुढे एक जोडले तर व्होल्टेज उतरवायचे असल्याने कन्व्हर्टर शांत चालतो, पण चार्जिंगच्या वेळी दोघांचा तोल सांभाळणारे सर्किट लागते. समांतर जोडणीत ते लागत नाही, टीपी४०५६ या चार्जिंग चिपचा स्वस्त बोर्ड पुरतो, मात्र ३.७ वरून ५ व्होल्टवर चढवणारा कन्व्हर्टर पडद्यावर तिरप्या रेघा आणि स्पीकरमध्ये गुणगुण सोडतो. बोर्डाच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आवाजाची अर्थिंग वेगळ्या वायरने थेट सेलपर्यंत नेणे, यावर ते बहुधा थांबते. सेल वापरायचे तर संरक्षण सर्किट असलेलाच चार्जिंग बोर्ड घ्यावा, हे सांगण्याची वेळ येऊ नये पण येते.

आता खानदेशी उन्हाळा. लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश मानली जाते. वापरताना तो ६० पर्यंत सहन करतो. मे महिन्यातल्या दुपारी भुसावळात खोलीच या मर्यादेच्या जवळ असते. टीपी४०५६ देखील ७८०५ सारखाच उष्णता काढून चालणारा, आणि तो १ अँपिअरवर बसवलेला असतो. त्याच्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला की प्रवाह ५८० मिलिअँपिअरवर येतो. चार्जिंगला जवळपास पावणेदोन पट वेळ लागतो, पण चिप कमी तापते. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावे, आणि खेळता खेळता करू नये. बोर्ड वीज ओढत असताना चार्जरला सेल भरला की नाही हे नीट कळत नाही.

पडदा

गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा छोटा पडदा या कामासाठी सर्रास वापरतात. गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात तो मिळतो. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेले असते. उघडल्यावर आत बहुधा १२ चे ५ किंवा ३.३ करणारी चिप सापडते, आणि मीटरने तिची बाहेरची बाजू शोधून तिथे थेट वीज दिली की पडदा सेलवर चालतो. ४.३ इंची पडदा रुंद असतो, त्यावर चौकोनी चित्र ताणले जाऊन चेंडू अंड्यासारखा दिसतो. ३.५ इंची, ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा दिसायला लहान, पण प्रमाणात बरोबर. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असते. जुन्या टीव्हीत त्याच्या कडा चौकटीखाली झाकल्या जात. पडद्यावर त्या उघड्या पडतात आणि काही खेळांत डाव्या कडेला रंगांचा कचरा सरकताना दिसतो. तो बिघाड नाही, खेळ लिहिणाऱ्यांनी तिथे कोणी पाहणार नाही असे धरले होते.

बंदुकीचे खेळ मात्र गेलेच म्हणायचे. ती बंदूक पिक्चर ट्यूबवर चित्र उमटण्याच्या क्षणावर चालते, सपाट पडद्यावर तिला काही दिसत नाही. उन्हातही हा पडदा फिका पडतो: हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टीला नेलेला हातातला गेम झाडाखाली बसूनच खेळावा लागतो. गेम बॉयचा दिवा नसलेला पडदा उन्हातच जास्त चांगला दिसे.

बटणे आणि आवाज

रिमोटमध्ये वायरी पाचच: वीज, अर्थिंग, लॅच, क्लॉक आणि डेटा. आतली चिप आठ बटणांची स्थिती एकामागोमाग एक सांगते, म्हणून रिमोटचा बोर्ड मधोमध कापून दोन बाजूंना बसवता येतो, तुटलेल्या तांब्याच्या रेघा वायरीने जोडून. टिक-टिक करणारी छोटी बटणे लावण्याचा मोह होतो, पण अर्ध्या तासात अंगठा दुखतो. जुन्या रिमोटचे कार्बन लावलेले रबरच ठेवावे. आवाज वाढवायला एलएम३८६ किंवा पीएएम८४०३ ही अँप्लिफायर चिप पुरते.

पेटी

बाहेरगावचे कारागीर पेटी थ्रीडी प्रिंटरवर काढतात. पीएलए नावाचे त्यातले सर्वांत प्रचलित प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेली अशी पेटी वाकडी होऊनच बाहेर येते. प्रिंट करायचीच तर पीईटीजी किंवा एबीएसमध्ये करावी. ग्लू गनचा गोंदही इथल्या उन्हाळ्यात भरवशाचा नाही; पडदा आणि सेल स्क्रूने किंवा पट्टीने धरलेले बरे.

जळगावात याहून सोपा मार्ग हाताशी आहे, तो पीव्हीसी पाइपचा. पाइप आणि ठिबक सिंचनाच्या या शहरात ११० मिलिमीटरच्या राखाडी पाइपचा तुकडा मिळवायला कष्ट पडत नाहीत. १५ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन करवतीने उभा चिरायचा. हॉट एअर गन फिरवत राहिले की ८० अंशांच्या पुढे तो रबरासारखा लुळा होतो. तो उलगडून दोन शहाबादी फरशांमध्ये दाबायचा आणि थंड होऊ द्यायचा. सुमारे ३४ बाय १५ सेंटिमीटरचा सपाट पत्रा हाती येतो, एका पेटीच्या दोन्ही बाजूंना पुरेसा. घाईने एके जागी गन धरली तर पीव्हीसी तपकिरी होऊन तिखट वायू सोडते, म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवरच करावे आणि ज्योतीवर मुळीच करू नये. कडा मळ्यातल्या पाइपलाइनला लावतात त्याच सॉल्व्हंट सिमेंटने जोडायच्या. मागची बाजू मात्र चार स्क्रूंवर ठेवावी, सेल कधी ना कधी बदलावे लागतातच. वरच्या कडेला आणि खाली बारीक भोके पाडली की कन्व्हर्टरची ऊब बाहेर पडते. खानदेशातली धूळही आत शिरते, पण ती ब्रशने काढता येते.

इतर यंत्रे

मेगा ड्राइव्हचे रूपांतर शक्य आहे, पण बोर्ड मोठा आणि खर्च जास्त. १९९६च्या निन्टेन्डो ६४ला ३.३ आणि १२ असे दोन व्होल्टेज लागतात आणि चिपा चांगल्याच तापतात. प्लेस्टेशनमध्ये फिरती सीडी ही अडचण. एसटीच्या धक्क्यांत ती टिकत नाही, म्हणून ड्राइव्ह काढून मेमरी कार्ड वाचणारे सर्किट घालतात. काही कारागीर निन्टेन्डोच्या २००६च्या वी (Wii) यंत्राचा बोर्ड करवतीने कापून खिशाएवढा करतात, पण बोर्डाचा कोणता भाग कापला तरी चालतो हे नेमके माहीत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. २०१७च्या निन्टेन्डो स्विचनंतर घरचे आणि हातातले यंत्र एकच असणे बाजारातही रुळले.

एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, चढवलेले चिनी यंत्र वरच्या सगळ्या सामानाच्या खर्चाच्या आसपास तयार मिळते आणि जास्त वेळ चालते. घरात पडलेला टीव्ही गेम आणि डबाभर कॅसेटी असतील, तरच जुन्या बोर्डावर मेहनत करण्यात अर्थ आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता, स्वतःचे यंत्र उघडून त्याला पडदा लावण्यास हरकत नाही. खेळ हा संगणक प्रोग्रॅम म्हणून स्वामित्व हक्क कायदा, १९५७ खाली येतो. आपल्याकडच्या कायदेशीर प्रतीची खराब होण्यापासून बचावासाठी नक्कल ठेवण्याची मुभा कलम ५२ देते. अनेक खेळांच्या नकला एकत्र भरलेली ‘९९९९ इन १’ कॅसेट त्यात बसत नाही.