डीएनए मिथायलेशन

डीएनएची अक्षरं तशीच ठेवून त्यातल्या काही सी (म्हणजे सायटोसिन) अक्षरांवर एक छोटा रासायनिक तुकडा चिकटवणं म्हणजे डीएनए मिथायलेशन. तुकडा म्हणजे मिथाइल ग्रुप, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस. तो सायटोसिनच्या पाचव्या नंबरच्या कार्बनवर बसतो, आणि माणसात बहुतेक करून जिथे सीच्या लगेच पुढे जी आहे तिथेच बसतो, या जोडीला सीपीजी म्हणतात (मधला पी म्हणजे दोघांना जोडणारा फॉस्फेट). आपल्या जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएमध्ये, अशा साधारण २.८ कोटी जोड्या आहेत आणि बहुतेक पेशींमध्ये त्यातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त जोड्यांवर मिथाइल असतोच. बऱ्याच जणांना वाटतं की मिथाइल कुठेतरी तुरळक लागतो, प्रत्यक्षात कोऱ्या जागाच कमी आहेत.

हे सगळं लागतंच कशाला? तर लिव्हरच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए सेमच असतो, तरी दोघी वेगळी कामं करतात. मुंबईकराला सांगायचं तर रूळ तेच, स्टेशनं तीच, पण फास्ट लोकल कुठे थांबणार आणि कुठून सुसाट जाणार हे ठरलेलं असतं, जोगेश्वरी स्टेशन जागेवरच आहे, फक्त ही गाडी तिथे थांबत नाही. मिथायलेशन हा असं ठरवणाऱ्या यंत्रणांपैकी एक, एकमेव नव्हे. मिथाइलमुळे जीन चालू-बंद होत असतील आणि ती खूण पेशी दुभंगल्यावरही टिकत असेल, ही कल्पना १९७५ मध्ये आर्थर रिग्ज यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी मांडली.

टिकते कशी ते भारी आहे. डीएनएची कॉपी होते तेव्हा जुन्या धाग्यावर मिथाइल असतो आणि नवा धागा कोरा असतो, असा अर्धवट जोड यूएचआरएफ१ नावाचं प्रोटीन ओळखतं आणि डीएनएमटी१ हे एन्झाइम तिथे येऊन समोरच्या कोऱ्या सीवर मिथाइल लावतं. नव्या जागी पहिल्यांदा खूण करायचं काम डीएनएमटी३ए आणि ३बी यांचं. काढायचं काम टेट एन्झाइम सुरू करतात, हे २००९ मध्ये कळलं. आणि हा मिथाइल येतो कुठून, तर सॅम नावाच्या रेणूतून, जो तयार होत राहायला फोलेट आणि बी१२ लागतं, म्हणजे शेवटी गाडी पालेभाजी आणि दुधापाशी येते, त्याबद्दल खाली.

आता जीन गप्प कसा बसतो. जीनच्या सुरुवातीला प्रमोटर असतो, तिथून वाचन सुरू होतं. तिथे मिथाइल साचला की काही प्रोटीन्सना, ज्यांनी येऊन जीन चालू करायचा, त्यांना नीट बसताच येत नाही. दुसरी पद्धत जास्त कडक, एमईसीपी२ सारखी प्रोटीन्स मिथाइललाच पकडतात आणि सोबत अशी एन्झाइम्स आणतात जी हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सवरचे) ॲसिटिल नावाचे रासायनिक तुकडे काढून टाकतात, मग तो भाग आवळून बसतो. एमईसीपी२ च्या जीनमध्येच बिघाड झाला तर रेट सिंड्रोम होतो, बहुतेक करून मुलींमध्येच दिसणारा मेंदूच्या वाढीचा गंभीर आजार, हा संबंध १९९९ मध्ये सापडला.

पण मिथाइल म्हणजे जीन बंद हे समीकरण अर्धंच खरं आहे आणि पाठ्यपुस्तकं ते उगाच सोपं करून टाकतात. माणसाच्या निम्म्याहून जास्त जीन्सच्या प्रमोटरवर सीपीजींची दाट वस्ती असते, तिला सीपीजी आयलंड म्हणतात, आणि ही आयलंडं साधारणपणे कोरी असतात, जीन चालू असो वा नसो. उलट चांगल्या चालणाऱ्या जीनच्या मधल्या भागात भरपूर मिथाइल असतो. आणि कधी कधी जीन आधीच दुसऱ्या कारणाने गप्प बसलेला असतो, मिथाइल नंतर येऊन फक्त कुलूप लावतो.

याचं उदाहरण बघायला लॅब नको, कुठल्याही मासळी बाजारात जा. काळ्या-केशरी चट्ट्यांची मांजर दिसली की ती जवळजवळ नक्की मादी. मादीत एक्स क्रोमोझोम दोन, त्यातला एक प्रत्येक पेशीत गर्भात असतानाच बंद होतो, केशरी रंगाचा जीन एक्सवर आहे, मग ज्या चट्ट्यात जो एक्स चालू तो रंग. बंद करायची सुरुवात झिस्ट नावाचा आरएनए करतो, मिथायलेशन मागून येतं आणि ते बंद आयुष्यभर बंदच राहील याची व्यवस्था बघतं.

कॅन्सरमध्ये ही शिस्त बिघडते, एकूण जीनोमवरचा मिथाइल कमी होतो आणि नको त्या आयलंडवर वाढतो, त्यात पेशीला आवरणारे जीन्स गप्प होतात. ग्लायोब्लास्टोमा या ब्रेन ट्यूमरच्या रिपोर्टवर एमजीएमटी मिथायलेटेड असं लिहिलेलं असतं ते वाचून नातेवाईक घाबरतात, पण इथे ती बातमी त्यातल्या त्यात बरी असते. एमजीएमटी हे डीएनए दुरुस्त करणारं प्रोटीन, टेमोझोलोमाइड औषधाने केलेलं नुकसान ते भरून काढतं, त्याचा जीन बंद असला की औषधाचा फायदा जास्त होतो.

मोजायचं कसं हा खरा किचकट भाग, कारण नेहमीच्या सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचण्याच्या पद्धतीला) मिथाइल दिसतच नाही, त्याला सी म्हणजे सी. सगळ्यात जुन्या युक्त्यांपैकी एक म्हणजे दोन कात्र्या. एचपीए-टू आणि एमएसपी-वन ही दोन्ही एन्झाइम्स सीसीजीजी हीच जागा कापतात, पण आतल्या सीवर मिथाइल असेल तर पहिलं अडतं आणि दुसरं कापतं. दोघांचे तुकडे शेजारी शेजारी जेलवर पळवून आकाराप्रमाणे वेगळे केले की फरक दिसतो.

मग १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात मरियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी बायसल्फाइट सिक्वेन्सिंग आणलं आणि खेळ बदलला. सोडियम बायसल्फाइट कोऱ्या सीचा यू (युरासिल) करतं, पीसीआरने कॉप्या काढल्या की तो टी म्हणून वाचला जातो, मिथाइलवाल्या सीला हात लावत नाही. समजा तुकडा आहे ए-सी-जी-टी-सी-ए. पहिल्या सीवर मिथाइल असेल तर प्रक्रिया आणि पीसीआर झाल्यावर वाचाल ए-सी-जी-टी-टी-ए, नसेल तर ए-टी-जी-टी-टी-ए. टिकलेला सी म्हणजे मिथाइल, एवढंच. कागदावर सोपं वाटतं, पण आम्ही मुंबईत ऐन जुलैमध्ये हे करत होतो आणि उघडून बरेच दिवस झालेल्या बाटलीतली पावडर वापरली, बायसल्फाइट हवेत राहिलं की खराब होतं हे माहीत असूनही. रिझल्टमध्ये सगळीकडे सी दिसायला लागले, दोन दिवस आम्ही खूश, मग लक्षात आलं की हे मिथायलेशन नव्हे, बदल पूर्ण झालाच नाहीये. म्हणून आता बरेच जण सॅम्पलमध्ये लॅम्डा फाजचा (बॅक्टेरियाला लागणाऱ्या एका व्हायरसचा) बिनमिथाइलचा डीएनए थोडा मिसळतात, त्यात सी शिल्लक दिसले की समजायचं गडबड आहे. शिवाय ही प्रक्रिया डीएनएचे तुकडे तुकडे करते, आणि टेटने अर्धवट बदललेला हायड्रॉक्सिमिथाइल तिला साध्या मिथाइलसारखाच दिसतो, मेंदूत तो बराच असल्याने तिथे हे त्रासदायक.

मोठ्या अभ्यासात पूर्ण जीनोम वाचणं महाग पडतं, म्हणून चिप वापरतात, इपिक चिपची पहिली आवृत्ती साडेआठ लाखांच्या आसपास जागा बघायची, आणि प्रत्येक जागेला ० ते १ मधली बीटा व्हॅल्यू मिळते (० म्हणजे मिथाइल कुठेच नाही, १ म्हणजे सगळ्या प्रतींवर). नॅनोपोर नावाच्या सिक्वेन्सिंगला बायसल्फाइट लागतच नाही, छिद्रातून डीएनए सरकताना करंट बदलतो त्यावरूनच मिथाइल ओळखता येतो.

आकडा वाचताना मात्र सांभाळा. एका जागी ०.५ आलं म्हणजे अर्ध्या पेशींत मिथाइल आहे असंही असेल, किंवा प्रत्येक पेशीत आई-बाबांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीवरच आहे असंही असेल (आयजीएफ२ या जीनजवळच्या भागात तसंच असतं). रक्ताच्या सॅम्पलमध्ये तर पांढऱ्या पेशींचे बरेच प्रकार मिसळलेले, साधं इन्फेक्शन झालं तरी प्रमाण बदलतं आणि आकडा हलतो, एकाही पेशीचं मिथायलेशन न बदलता. स्टीव्ह होर्वाथ यांच्या २०१३ च्या घड्याळाने ३५३ सीपीजींवरून वयाचा अंदाज बऱ्यापैकी अचूक येतो हे खरंय, पण तेवढ्यावरून एका माणसाला तुमचं खरं वय अमुक असं सांगून टेस्ट विकणं मला पटत नाही.

मुंबईतला धागा खाण्याचा. इथल्या वस्त्यांमध्ये सारस नावाच्या प्रकल्पात बायकांना गरोदर राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला स्नॅक दिला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या गोष्टींचा. सरसकट सगळ्यांचा हिशोब केला तर बाळांच्या वजनात ठाम फरक आला नाही. पुढे ती मुलं शाळेच्या वयाची झाल्यावर एम्फसिस या अभ्यासात त्यांचं रक्त इपिक चिपवर तपासलं, सोबत गॅम्बियातल्या अशाच प्रयोगातल्या मुलांचंही. गॅम्बियात मोजक्या जागांवर फरक सापडला, मुंबईच्या मुलांमध्ये त्या जागांवर तो दिसला नाही. दोन्हीकडचं खाणं वेगळं आणि दिलेला पूरक आहारही वेगळा, त्यामुळे एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही.