स्क्रू फिरवण्याआधी मुठीवर पट्टी चिकटवा

राजदूत ३५०, येझदी, आरएक्स १०० किंवा जुनी बुलेट घेऊन लोक इंदूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: “एअर स्क्रू थोडा फिरवून बघितला, पण फरक नाही पडला.” हा स्क्रू कार्बचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरचा. कार्बच्या ट्यूनिंगवरचा हा कागद त्या वाक्यापायी छापला आहे.

कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं, पेट्रोल मात्र जुन्या जेटमधून, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, येतं तेवढंच येतं. मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, घोळ पुढे होतो. बायपासवर जोरात असताना गाडी झटके देते, आणि घरी येऊन पिळला जातो तो एअर स्क्रू. त्या झटक्यांशी त्याचा काही संबंध नसतो. तो हाताला लागतो आणि उघडायला फक्त पेचकस पुरतो, एवढाच त्याचा गुन्हा.

ॲक्सिलरेटरची मूठ बंद असल्यापासून साधारण आठवा भाग उघडेपर्यंत पायलट जेट (मंद गतीचा छोटा जेट) आणि एअर स्क्रूचं काम. तिथून पाव मुठीपर्यंत, मुठीबरोबर वर उचलणाऱ्या स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाचं. पाव ते पाऊण निडलचं (स्लाइडला लटकणारी सुई), आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचं. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण फुल मुठीवरचा दोष एअर स्क्रूने कधीच जात नाही.

म्हणून एक विनंती. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पांढरी कागदी चिकटपट्टी मुठीभोवती लावा. शेजारच्या स्विचच्या डबीवर एक रेघ मारा, आणि पट्टीवर बंद, पाव, अर्धी, पाऊण, फुल अशा पाच. दोन दिवस चालवा आणि कोणत्या रेघेवर गाडी अडखळते ते लिहून आणा. “साठला मिसिंग मारते” यावरून आम्हाला काही कळत नाही. जाम गेटच्या चढावर साठ गाठायला पाऊण मूठ लागते, उतारावर पावही लागत नाही.

तरीही स्क्रूला हात लावायचाच असेल, तर आधी तो हलक्या हाताने आत नेऊन किती फेरे जातात ते मोजा, लिहून ठेवा आणि परत तिथेच आणा. मिकुनी पद्धतीच्या कार्बमध्ये फिल्टरच्या बाजूला असलेला स्क्रू हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. काही कार्बना तो इंजिनच्या बाजूला असतो. तो पेट्रोलचा, त्याचं सगळं उलटं. व्हिडिओतला कार्ब एक आणि आपल्या गाडीचा दुसरा, असं बऱ्याचदा होतं.

मागे एक राजदूत ३५० आली. तिला दोन कार्ब. मालकांनी उजवा-डावा दोन्ही स्क्रू फिरवले होते, आणि एक तळाला गेल्यावरही पिळला होता. त्याचं सुईसारखं टोक तुटून आतल्या भोकात बसलं. ते काढण्यात आमचा अख्खा दिवस गेला. मूळ दोष निघाला डाव्या कार्बच्या रबरी मॅनिफोल्डमध्ये (कार्ब इंजिनला जोडणारी नळी): नखाएवढी चीर, रबर वाकवलं की उघडायची, सोडलं की मिटायची. तिथून चोरून हवा जात होती. ती मालकांना दिसली नाही यात त्यांची चूक नाही; टॉर्च धरून आम्हालाही दुसऱ्यांदाच दिसली.

टू-स्ट्रोकमध्ये हा पोरखेळ नाही. येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, आणि पिस्टन चिकटायला लांबचा रस्ता लागत नाही. राजदूत ३५० ला ऑइल पंप वेगळा आहे. तिथे कार्बच्या केबल बदलल्या की पंपाची खूणही जुळवावी लागते. हे काम हमखास राहून जातं.

ट्यूनिंगला आम्ही गाडी दोन दिवस ठेवून घेतो. आता “अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस कशाला?” चौकातले मिस्त्री भिया गरम इंजिनवर कानाने वीस मिनिटांत करून देतात, त्यांचा कान चांगलाही असतो. आम्ही आधी स्पार्कच्या पॉइंटचा गॅप, टायमिंग, कॉम्प्रेशन आणि हवेची चोरी बघतो, कारण निम्मे ‘कार्बचे’ दोष तिथेच सापडतात. मग फ्लोटची, म्हणजे कार्बच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी. मग दोन कार्ब असतील तर फिल्टर काढून छोटा आरसा धरतो आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बघतो. रात्रभर गाडी थंड होऊ देतो, सकाळी किक मारतो आणि सहा वाजता, पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी व्हायच्या आत, सुपर कॉरिडॉरवर नेऊन मूठ तशीच धरून इंजिन बंद करून प्लग काढतो. काळा काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. दुधाच्या चहाचा रंग आला की गाडी परत आणतो.

मित्राने फोनवर सांगितलेला जेटचा नंबर जरूर कळवा, पण डोळे मिटून बसवू नका. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. मुंबईचा नंबर इथे थोडा जाड पडतो, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. पुणं जवळपास आपल्याच उंचीवर, त्यामुळे पुणेकरांचा सल्ला निदान या एका बाबतीत चालून जातो. त्यांचा सायलेन्सर तुमच्यासारखा असेल तर.

बाजारातल्या स्वस्त जेटवर नंबर तोच असतो, भोक तेच असेलच असं नाही. तारेने किंवा पिनेने जेट साफ केला तर ते आणखी वाढतं. आमच्याकडे पितळी जेटचा पूर्ण संच आहे. काढलेले जेट नंबरसकट पुडीत घालून परत देतो.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुनं सेटिंग थोडं पातळ पडतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत घाण धरते. गाडी ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

मे महिन्यात चाळिशीच्या वरच्या उन्हात केलेलं ट्यूनिंग डिसेंबरच्या थंड, दाट हवेत पातळ पडतं. त्या वेळी गाडी एकदा दाखवून जा. फिल्टर आणि सायलेन्सर तेच असतील तर पैसे घेत नाही. मध्ये नवा फिल्टर बसला असेल तर काम पहिल्यापासून करावं लागतं आणि पैसेही पूर्ण लागतात. फिल्टर बदलायचा विचार असेल तर तो ट्यूनिंगच्या आधीच घेऊन या, आम्हीच बसवून देऊ.

गाडी संध्याकाळी पाचच्या आत, ताज्या पेट्रोलने निम्मी टाकी भरून आणा. पट्टी काढू नका.