कागद सभेत वाचण्याची परंपरा : भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कार्यक्रमांची पार्श्वभूमी

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाचा वर्धापनदिन ७ जुलैला असतो. त्याखेरीज मंडळात व्याख्याने होतात, संशोधक दर पंधरवड्याच्या पाक्षिक सभेपुढे आपले निबंध वाचतात आणि जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी वर्ग भरतात. हे सारे आज एखाद्या जुन्या संस्थेच्या नित्यक्रमासारखे दिसते. पण ते ज्या निकडीतून सुरू झाले ती निकड फार खरी होती.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, इंग्रज सरकारच्या ताब्यात गेले. ते अभ्यासकांना सहजासहजी पाहायला मिळत नसे, इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले तेच मुळी १९३० पासून पुढे. सरकारी दप्तराबाहेरचे कागद मात्र देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार आणि मठाधिपती यांच्या घरांत, माळ्यांवर आणि तळघरांत, रुमालांत बांधून पडलेले होते. काहींना वाळवी लागली, काही पावसात भिजले, काही रद्दीत गेले. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहास संग्रह’ मासिकाने बखरी आणि पत्रे छापायला आरंभ केला, परंतु दहा वर्षांत ते बंद पडले. पुढे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांचे दप्तर हाती घेतले, आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी वाईस मिळालेल्या पत्रांतून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, ज्यात पानिपतच्या काळातील अस्सल पत्रव्यवहार प्रथमच मोठ्या प्रमाणावर वाचकांसमोर आला. या सर्वांनी केलेले काम मोठे होते, पण ते एकेकट्याच्या बळावर उभे होते. माणूस थकला की काम थांबे.

ही उणीव भरून काढण्यासाठी ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात मंडळाची स्थापना केली. मंडळाने कागद जमवून कपाटात ठेवले एवढ्यावर त्याचे महत्त्व संपत नाही. मिळालेला कागद सभेत वाचायचा, तो कोणाच्या घरी सापडला हे सांगायचे, उपस्थितांच्या शंका ऐकायच्या आणि मग तो इतिवृत्तात किंवा संमेलनवृत्तात छापायचा, ही शिस्त मला मंडळाची सर्वांत मोलाची देणगी वाटते. पाक्षिक सभांचे मूळ या शिस्तीत आहे.

या पद्धतीचे सर्वांत ठळक फळ म्हणजे जेधे शकावली, म्हणजे शकवार लिहिलेल्या घटनांची यादी. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील ही टिपणवही लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाला असे सर्वसाधारणपणे मानले जात होते. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे जोधपूरला सापडलेल्या जन्मपत्रिकेने या नोंदीला दुजोरा दिला. वाद अनेक वर्षे चालला, आणि तो चालला म्हणूनच पुराव्याची कसून छाननी झाली. आज १९ फेब्रुवारीला जी शिवजयंती साजरी होते, तिच्या मागे एका घराण्याने जपलेली ती वही आहे.

मतभेदांमुळे राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले. त्यांच्या निधनानंतर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. पुण्यातील काम दत्तो वामन पोतदार, शंकर नारायण जोशी आणि ग. ह. खरे यांच्यासारख्या माणसांनी दशकानुदशके पेलले. ग. ह. खरे यांनी फार्सी कागद, शिलालेख आणि नाणी यांकडे लक्ष दिल्यामुळे केवळ मराठी पत्रांवर विसंबण्याची सवय सुटली. १९२० पासून मंडळाचे त्रैमासिकही निघू लागले.

मोडीच्या वर्गांचे कारण वेगळे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून गेली आणि बोरूने लिहिलेले लाखो कागद त्यांच्याच वारसांना परके झाले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक संदर्भावरूनच ठरवावा लागतो. अक्षर लागले तरी तारीख उरतेच. पत्रात ‘छ’ हे अक्षर मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, दाखवते आणि वर्ष अरबी संख्यांत लिहिलेले असते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन, म्हणजे या कागदांत वापरलेल्या कालगणनेचे वर्ष, ११७१. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास बदलते. म्हणून पत्र पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचे असेल तर ५९९ मिळवून १७७० येते, आणि त्यानंतरच्या महिन्यांतले असेल तर ६०० मिळवून १७७१.