पहिले दीडशे रुपये खरेच जमा होतात

‘घरबसल्या काम करा, रोज दोन-तीन हजार मिळवा’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर येतो. काम सोपे असते. गुगल मॅपवर तीन हॉटेलांना पाच तारे द्यायचे आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. थोड्याच वेळात खात्यात दीडशे रुपये जमा होतात, तेही खरेखुरे. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात आणि ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो. हजार भरा, तेराशे परत. तेही येतात. पुढे पाच हजार, पंचवीस हजार, लाख. अॅपवर शिल्लक वाढताना दिसते, पण काढायला गेले की आधी कर भरा, मग ‘क्रेडिट स्कोअर’ घसरला म्हणून आणखी भरा. ती शिल्लक म्हणजे भामट्यांनी पडद्यावर टाकलेला नुसता आकडा असतो.

यात पुण्या-मुंबईतले आयटी इंजिनिअर फसले आहेत, चांगले शिकलेले अनेक जण फसले आहेत. ‘हाव धरली म्हणून गेले’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, आणि फसलेल्या माणसावर अन्याय करणारेही. माणूस निर्णय कसा घेतो यावर मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकांपूर्वी जे प्रयोग केले, त्यांतलीच सूत्रे इथे पायरीपायरीने वापरलेली दिसतात.

फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला कॅलिफोर्नियातला प्रयोग पाहा. ‘तुमच्या अंगणात गाडी जपून चालवण्याचा भलामोठा, बेढब फलक लावू द्याल का?’ असे थेट विचारल्यावर जेमतेम १७ टक्के लोक तयार झाले. पण ज्यांना साधारण दोन आठवडे आधी याच विषयाची चिमुकली पाटी लावायची विनंती केली होती, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. छोटा होकार मोठ्या होकाराची वाट करून देतो. हॉटेलांना दिलेले ते तारे आणि ते दीडशे रुपये यांचे काम तेवढेच.

अडकलेला पैसा सोडवत नाही, हे १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर यांनी दाखवले. समजा तुम्ही दोन सहलींची तिकिटे घेतली, एक १०० डॉलरचे, एक ५० डॉलरचे. स्वस्त सहलीत जास्त मजा येणार आहे, पण दोन्ही एकाच दिवशी निघाल्या. कुठे जाल? निम्म्याहून अधिक लोकांनी कमी मजेची, महागडी सहल निवडली. लाख रुपये गुंतलेला माणूस वरून वीस हजारांचा ‘कर’ भरतो, तोही गेलेला पैसा वाया जाऊ नये म्हणूनच.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सॉलोमन अॅश यांचा १९५०च्या दशकातला प्रयोग. दिलेल्या रेघेएवढी रेघ तीनांतून ओळखायची, इतकेच काम. पण खोलीतले बाकी सगळे संशोधकांनी ठरवून आणलेले असत आणि मुद्दाम चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेले सोडून त्या सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला. टेलिग्रामचा तो ग्रुप म्हणजे ही खोलीच. ‘मला आज चाळीस हजार मिळाले’ लिहिणारे सगळे एकाच टोळीचे. मात्र खोलीत फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा बसवला, तेव्हा चुका जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आल्या.

एक वेगळा आवाज पुरतो, आणि भामट्यांना तोच नको असतो. म्हणून ते म्हणतात, ‘घरी सांगू नका, कमिशन विभागले जाईल.’ ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉल तासन्‌तास चालू ठेवून माणसाला खोलीत कोंडतात, ‘पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, गोपनीय तपास आहे, कुणाला कळले तर तुम्हालाही अटक.’ भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. असा फोन आला की कट करा आणि शेजारच्या काकूंना का होईना, सांगा. पैसे भरण्याआधी झालेले ते पाच मिनिटांचे बोलणे मला कोणत्याही अॅपपेक्षा भरवशाचे वाटते.

बाकीचे थोडक्यात. खरी कंपनी नोकरी देताना नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी अनामत घेत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करू नका, आणि स्टार ४०१ स्टारने सुरू होणारा नंबर डायल करू नका. त्याने तुमचे कॉल, पर्यायाने फोनवरून सांगितले जाणारे ओटीपी, दुसरीकडे वळू शकतात. ‘तुमचे बँक खाते वापरू द्या, टक्केवारी मिळेल’ हेही नोकरीच्या नावाने येते. कॉलेजची मुले त्यात सापडतात, आणि पोलीस आधी पोहोचतात ते त्या खातेदाराच्याच दारी.

तरीही पैसे गेले तर लाज बाजूला ठेवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. चोरीची रक्कम काही मिनिटांत एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरते आणि शेवटी एटीएममधून किंवा क्रिप्टोत निघून जाते. १९३०वरची तक्रार संबंधित बँकांपर्यंत पोहोचते आणि पैसा वाटेत जिथे सापडेल तिथे गोठवता येतो. सकाळी पाहू म्हटले तर गोठवायला बहुतेक वेळा काही उरलेले नसते. यूटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ हाताशी ठेवा आणि चॅट डिलीट करू नका.

आणि पलीकडून बोलणाराही कधीकधी असाच फसलेला असतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत कोंडून फसवणुकीचे काम करायला लावले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अशा सक्तीच्या कामात अडकलेले असावेत. परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवणाऱ्याबरोबर जाऊच नका.

फसवणूक झालेल्यांना काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फक्त फी भरा.’ एकदा फसलेल्यांचे नंबर अशा टोळ्यांना मोलाचे असतात. हा फोनही कट करायचा आणि तो नंबर तक्रारीत जोडायचा.